एका क्षणाची प्रत

चालू डेटाबेसचं फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवलं की बॅकअप झाला, असं मानणारे पुष्कळ आहेत. फोटो, पत्रं, हिशेबाची शीट्स यांच्या बाबतीत आपण हेच करतो आणि तिथे ते चालतंही. डेटाबेसच्या बाबतीत ते चालत नाही, आणि ते का चालत नाही हे कळलं की या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी आपोआप उलगडतात.

पोस्टग्रेस हा डेटाबेस आपला मजकूर 8 किलोबाइटच्या पानांत ठेवतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे इंजिन एरवी 16 किलोबाइटच्या. एखादी नोंद बदलली की बदल आधी मेमरीतल्या पानावर होतो. तो पक्का होताना त्याची दखल एका लॉगमध्ये डिस्कवर उतरते, आणि प्रत्यक्ष पान मात्र नंतर सवडीने लिहिलं जातं. त्यामुळे सर्व्हर चालू असताना डिस्कवरच्या फायली कोणत्याही क्षणी काही जुन्या, काही नव्या अशाच असतात. खरी स्थिती मेमरी, लॉग आणि फायली यांच्यात मिळून असते. त्यात फोल्डर कॉपी व्हायला वीस मिनिटं लागली, तर पहिली फाइल नऊ वाजताची आणि शेवटची नऊ वीसची. अशी प्रत कधी उघडतच नाही, तर कधी उघडते आणि चुकीची उत्तरं देते. दुसरा प्रकार जास्त घातक.

यावरची वाट 1970 साली लिहिलेल्या एका निबंधातून निघते. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती तक्त्यांच्या रूपात पाहावी, आणि यंत्राच्या आत ती कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा त्यांचा आग्रह होता. बॅकअपच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. पानं, लॉग, मेमरी यांच्या वाटेला न जाता थेट डेटाबेसलाच विचारता येतं: तुझ्याकडे कोणती टेबलं आहेत, त्यांत काय काय आहे, ते सांग. तो सांगतो आणि आपण लिहून घेतो. या लिहून घेण्याला डंप म्हणतात.

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचा डेटाबेस घेऊ: सभासद, पुस्तकं आणि देवघेव अशी तीन टेबलं. मायएसक्यूएलवर त्याचा डंप घेण्याची कमांड अशी. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टाइप करायची असते. इथे तिचा उच्चार देतो.

मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स वाचनालय > वाचनालय.एसक्यूएल

तयार झालेली फाइल कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडून पाहा. आत गूढ असं काही नसतं. टेबल तयार करण्याचं वाक्य, त्याखाली नोंदी भरण्याची वाक्यं, मग पुढचं टेबल. ही फाइल दुसऱ्या यंत्रावरच्या कोऱ्या डेटाबेसला वाचून दाखवली की तो पहिल्यासारखा होतो. यंत्र वेगळं असलं, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी असली, डेटाबेसची आवृत्ती नवी असली तरी बहुतेक वेळा काही अडत नाही.

या कमांडचा प्राण आहे सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय. तो नसता आणि टेबलांना कुलूपही लावलं नसतं, तर काय झालं असतं? डंपने आधी सभासदांचं टेबल लिहून घेतलं. ते संपल्यावर एक नवा सभासद नोंदवला गेला आणि त्याने लगेच एक कादंबरी घरी नेली. मग डंप देवघेवीच्या टेबलाकडे वळला. आता फाइलमध्ये कादंबरी नेल्याची नोंद आहे, पण ती नेणारा सभासदच नाही. दोन्ही टेबलं आपापल्या जागी खरी, एकत्र पाहिली तर खोटी. रिलेशनल डेटाबेसमध्ये माहितीचं मोल या परस्परसंबंधांत असतं, आणि नेमके तेच तुटले.

सिंगल-ट्रान्झॅक्शनने डंप सुरू होतानाचा एक क्षण धरून ठेवला जातो. इनोडीबी प्रत्येक बदललेल्या नोंदीची आधीची रूपं काही काळ जपून ठेवतं. डंप तासभर चालला तरी त्याला सगळीकडे त्या एका क्षणाचंच रूप दाखवलं जातं, आणि त्याच वेळी काउंटरवरची देवघेव न थांबता चालू राहते. लोकांचं काम न अडवता एका क्षणाची प्रत काढणं, ही मला संगणकशास्त्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. मात्र मायआयसॅम या जुन्या इंजिनावरच्या टेबलांना हे संरक्षण नाही. 2010 मध्ये आलेल्या 5.5 या आवृत्तीपासून इनोडीबी हेच मूळ इंजिन झालं, तरी वर्षानुवर्षं चालत आलेल्या डेटाबेसमध्ये एखादं मायआयसॅम टेबल सापडतंच. डंप चालू असताना कुणी टेबलाची रचना बदलली, तरीही घोटाळा होऊ शकतो.

रूटीन्स आणि इव्हेंट्स हे दोन पर्याय लोक सर्रास विसरतात. ट्रिगर आपोआप येतात. पण डेटाबेसच्या आत लिहून ठेवलेल्या प्रक्रिया आणि वेळापत्रकाने चालणारी कामं मागितल्याशिवाय येत नाहीत. दंड आकारायची सगळी आकडेमोड तशा एखाद्या प्रक्रियेत असली, तर परत उभ्या केलेल्या वाचनालयात पुस्तकं असतील आणि दंडाचा हिशेब नसेल.

पोस्टग्रेसची पीजी_डंप ही कमांड असा क्षण मुळातच धरते, वेगळं सांगावं लागत नाही. तिला कस्टम फॉरमॅट मागावा. फाइल दाबून लहान होते, आणि पुढे पीजी_रिस्टोअरने तिच्यातून एखादंच टेबल वेगळं काढता येतं. मात्र ती एका डेटाबेसपुरतंच पाहते. वापरकर्ते सगळ्या सर्व्हरचे मिळून असतात, ते पीजी_डंपऑलला ग्लोबल्स-ओन्ली सांगून वेगळे घ्यावे लागतात.

आता मराठी डेटाबेसची एक खास अडचण. देवनागरीचा प्रत्येक सांकेतिक घटक यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतो. मायएसक्यूएलमध्ये जे जुनं ‘यूटीएफ8’ होतं त्याची मर्यादाही तीनच बाइटची, म्हणून मराठी मजकूर त्यात नीट बसला. चार बाइटच्या इमोजींना मात्र जागा नव्हती. त्यांच्यासाठी यूटीएफ8एमबी4 आलं. पण त्याहून जुनं दुखणं वेगळं आहे. अनेक जुन्या पीएचपी संकेतस्थळांनी डेटाबेसशी जोडणी करताना लॅटिन-1 हीच मूळ सेटिंग राहू दिली. मराठीचे बाइट लॅटिन-1 अक्षरं समजून साठवले गेले, तसेच परत दिले गेले, आणि ब्राउझरवर सगळं शुद्ध मराठीत दिसत राहिलं. डंप घेताना मात्र मायएसक्यूएलडंप यूटीएफ-8 मागतो, सर्व्हर इमानदारीने प्रत्येक बाइटचं स्वतंत्र भाषांतर करतो, आणि एका ‘म’च्या जागी तीन विचित्र चिन्हं फाइलमध्ये उतरतात. त्याच जुन्या मांडणीत परत भरलं तर हे लपून राहतं. नव्या सर्व्हरवर टेबल यूटीएफ-8 चं केलं की सगळ्या सभासदांच्या नावांचा चिखल होतो. अशा डेटाबेसचा डंप डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट लॅटिन-1 ठेवून घ्यावा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. त्यानंतर फाइल उघडून एखादा ‘कऱ्हाडे’ आणि एखादा ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांनी वाचून पाहावा.

विंडोजवर आणखी एक खड्डा आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये वरच्यासारखं बाणाच्या खुणेने फाइलमध्ये ओतलं, तर पॉवरशेल तिचं यूटीएफ-16 मध्ये रूपांतर करतो. मायएसक्यूएलला जोडणीसाठी ते चालत नाही, त्यामुळे फाइल परत भरता येत नाही. तिथे बाणाऐवजी रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरायचा.

हे सगळं काळ्या पडद्यावर टाइप करून का करायचं? ब्राउझरमध्ये एक्सपोर्टचं बटण असतं की. डेटाबेस मोठा झाला की ते बटण वेळमर्यादेत अडकून अर्ध्यात थांबतं, हे एक कारण. खरं कारण असं की लिहिलेली कमांड रोज रात्री तशीच्या तशी, कुणी जागं नसताना चालवता येते, आणि ती संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे झालं नाही. बॅकअपची सगळी विश्वासार्हता या एका आकड्याकडे लक्ष देण्यावर उभी आहे, आणि तो आकडा हरवण्याच्या वाटा फार आहेत.

सगळ्यात नेहमीची वाट पाइपची. डंपचा मजकूर पाइपमधून जीझिपकडे देऊन दाबून ठेवायची पद्धत आहे. पण कमांड चालवणारा शेल अशा जोडओळीत फक्त शेवटच्या कमांडचा आकडा सांगतो. पासवर्ड बदलल्यामुळे डंप पहिल्याच पायरीवर मेला, तरी जीझिप त्याला मिळालेलं शून्य बाइटचं काम चोख पार पाडतो आणि यश कळवतो. तयार होते 20 बाइटची, तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, आतून रिकामी फाइल. रोज रात्री एक. बॅश शेलमध्ये सेट -ओ पाइपफेल ही ओळ स्क्रिप्टच्या सुरुवातीला टाकली, की कोणतीही कमांड पडल्यास पूर्ण ओळच अपयशी ठरते.

दुसरी वाट बाणाची. शेल आधी फाइल उघडून रिकामी करतो आणि त्यानंतर कमांड चालवतो. रोज एकाच नावाच्या फाइलमध्ये डंप घेत असाल, तर आजचा डंप फसताना कालचा चांगला डंपही पुसून जातो. म्हणून तात्पुरत्या नावाने लिहावं, शेवट तपासावा, मगच नाव बदलावं. शेवट तपासणं सोपं आहे: मायएसक्यूएलडंप आणि पीजी_डंपची साधी फाइल, दोन्ही अखेरीस डंप पूर्ण झाल्याची एक टीप लिहितात. ती टीप नसेल, तर फाइल कितीही मोठी दिसली तरी अपुरी समजावी.

तिसरी वाट ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनची. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून डेट कमांडला टक्क्याच्या खुणेने सांगितलं जातं, आणि क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याला ‘इथे ओळ संपली’ असा अर्थ आहे. हाताने चालवलेली कमांड दिवसा उत्तम चालते. तीच रात्री अर्धवट तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनला फक्त स्क्रिप्टचं नाव सांगावं. पासवर्डही कमांडमध्ये लिहू नये. त्या यंत्रावरच्या इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीत तो दिसू शकतो. मायएसक्यूएलसाठी घरच्या फोल्डरातली ‘.माय.सीएनएफ’ आणि पोस्टग्रेससाठी ‘.पीजीपास’ या फायली आहेत, त्यांची परवानगी 600 ठेवायची. ती सैल असली तर पोस्टग्रेस आपली फाइल वाचायलाच नकार देतो.

अशा वाटा एकाच रात्री एकत्र आल्या, तर काय होतं याचं सविस्तर दप्तर उपलब्ध आहे, कारण ज्या कंपनीवर ती वेळ आली तिने काहीही न लपवता ते जगासमोर ठेवलं. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी गिटलॅब ही सेवा पोस्टग्रेसवर चालत होती: एक मुख्य सर्व्हर, एक त्याची सतत अद्ययावत राहणारी प्रत. 31 जानेवारी 2017 रोजी स्पॅम खात्यांच्या भाराने प्रत मागे पडत गेली आणि शेवटी तिची साखळी तुटली. ती नव्याने उभी करण्यासाठी अभियंते सर्व्हरच्या फायलींची प्रत काढणारी पीजी_बेसबॅकअप ही कमांड चालवत होते, आणि ती कमांड काहीच न बोलता नुसती थांबून राहत होती. मुख्य सर्व्हरकडून काम सुरू होण्याची ती वाट पाहते, आणि तसं पडद्यावर सांगत नाही. प्रतीच्या फोल्डरमध्ये जुन्या फायली उरल्या असतील, अशा समजाने एका अभियंत्याने ते फोल्डर पुसण्याची कमांड दिली. समन्वित जागतिक वेळेनुसार रात्रीचे अकरा वाजत आले होते. आपल्याकडे 1 फेब्रुवारीची पहाट, साडेचारच्या सुमारास. पडद्यावरचं टर्मिनल प्रतीचं नव्हतं, मुख्य सर्व्हरचं होतं. एकदोन सेकंदांत ध्यानात येऊन कमांड थांबवली, तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोज पीजी_डंप घेऊन अ‍ॅमेझॉनच्या एस3 साठ्यावर पाठवायची व्यवस्था होती. साठा रिकामा निघाला. सर्व्हर पोस्टग्रेस 9.6 चा होता आणि डंप घेणारी कमांड 9.2 ची निवडली जात होती. पीजी_डंप स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतो, आणि तो योग्यच आहे, कारण न समजलेल्या रचनेची प्रत काढणं धोक्याचं. नकार रोज दिला जात होता. तो कळवणारे ईमेलही पाठवले जात होते, पण ते आवश्यक त्या प्रमाणीकरणाविना जात असल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते परतवून लावत होता. सर्व्हर ज्या अझ्युअर सेवेवर होते तिचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. सुदैव एवढंच, की चाचणीच्या कामासाठी कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने एक स्नॅपशॉट घेतलेला होता.

तो परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले, कारण चाचणी सर्व्हरच्या डिस्क मंद होत्या आणि कॉपी रांगत होती. त्या काळात कंपनीने आपल्या अंतर्गत नोंदींचा दस्तऐवज सर्वांसाठी खुला केला आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. कोडचे साठे वेगळ्या ठिकाणी असल्याने वाचले. डेटाबेसमधले किमान 5,000 प्रकल्पांचे आणि 5,000 टिप्पण्यांचे बदल आणि सुमारे 700 नवी खाती गेली. परत उभं करताना त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: सगळ्या अनुक्रमांकांच्या मोजणीत एक लाखाची भर घातली. हरवलेल्या तासांत ज्यांना क्रमांक मिळाले होते, तेच क्रमांक दुसऱ्या कुणाला जाऊ नयेत म्हणून.

अनेकजण या घटनेतून ‘पुसण्याची कमांड जपून द्या’ एवढंच घेतात. मला त्या रिकाम्या साठ्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. थकलेला माणूस रात्री चुकीच्या टर्मिनलवर जाणार हे धरूनच चालायला हवं. बॅकअप त्याच्यासाठीच असतो. तो आहे की नाही हे कुणी उघडून पाहिलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट यात दिसते: सतत अद्ययावत राहणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर अट न घालता नोंदी पुसण्याचं वाक्य चाललं, तर ते प्रतीवरही काही क्षणांत तितक्याच तत्परतेने चालतं.

रोजच्या डंपलाही एक मर्यादा आहे. रात्री दीडचा डंप असेल आणि दुपारी तीन वाजता टेबल पुसलं गेलं, तर मधला अर्धा दिवस त्यात नाही. त्यासाठी सुरुवातीला सांगितलेला लॉग कामी येतो. पोस्टग्रेस हा लॉग 16 मेगाबाइटच्या तुकड्यांत लिहितो. पीजी_बेसबॅकअपने फायलींची प्रत काढून ठेवायची, आणि त्यानंतरचा लॉगचा प्रत्येक तुकडा भरला की दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहायचं. मग प्रत उभी करून लॉग तिच्यावर पुन्हा चालवता येतो आणि दोन वाजून एकोणसाठ मिनिटांवर थांबवता येतो. फायलींची प्रत चालत्या सर्व्हरवरून घेऊनही इथे चालते ती यामुळेच. तिच्यातली विसंगती लॉग भरून काढतो. मायएसक्यूएलमध्ये हेच काम बायनरी लॉग करतो. डंप घेताना सोर्स-डेटा हा पर्याय दिला, तर डंप त्या लॉगच्या कोणत्या ठिकाणी घेतला तेही फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं. लहान वाचनालयाला एवढ्याची गरज नाही. रोज पैशांची देवघेव करणाऱ्या पतसंस्थेला मात्र आहे, आणि तिथे केवळ रात्रीच्या डंपवर समाधान मानणं मला बेजबाबदार वाटतं.

राहता राहिलं रिस्टोअर. महिन्यातून एकदा ताजी डंप फाइल घ्यावी, मूळ सर्व्हरशी संबंध नसलेल्या यंत्रावर न्यावी आणि कोऱ्या डेटाबेसमध्ये भरावी. पोस्टग्रेसची साधी फाइल पीएसक्यूएलने भरताना ऑन_एरर_स्टॉप चालू करायचं. एरवी तो चूक आली तरी पुढच्या वाक्याकडे जातो, आणि हजारो ओळींच्या गर्दीत ती चूक निसटते. भरून झाल्यावर प्रत्येक टेबलातल्या नोंदी मोजायच्या. ज्या देवघेवीला सभासदच नाही अशा किती आहेत, हे विचारायचं. उत्तर शून्य यायला हवं. शेवटच्या देवघेवीची तारीख पाहायची. ती कालची असेल तर ठीक. मागच्या महिन्यातली निघाली, तर कुठलीशी जुनीच फाइल रोज नव्या नावाने पुढे सरकते आहे.

या कामाला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. तो डंप घेण्याच्या वेळेहून बराच जास्त भरतो, कारण इंडेक्स डंपमध्ये नसतात, फक्त ते तयार करण्याची आज्ञा असते. रिस्टोअर करताना प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधावा लागतो आणि पोस्टग्रेसमध्ये टेबलांमधले संबंधही तपासले जातात. पीजी_रिस्टोअरला एकाच वेळी चार कामं चालवायला सांगितलं तर वेळ खाली येतो. तरीही वीस मिनिटांचा डंप परत भरायला दोन तास लागत असतील, तर वाचनालयाच्या कार्यवाहांना ते आधीच माहीत असायला हवं. कमांडच्या ओळी, पासवर्ड कुठे आहे, फाइल कुठे आहे आणि किती वेळ लागतो, हे सगळं एका कागदावर छापून कपाटात ठेवावं. संगणकातच ठेवलं, तर नेमक्या त्या दिवशी ते बंद पडलेल्या सर्व्हरवर असतं.